अँटिव्हायरसने यूएसबी किलर थांबणार नाही

यूएसबी किलर म्हणजे पेनड्राइव्हसारखं दिसणारं, पण पोर्टमध्ये लावताच कॉम्प्युटर जाळू शकणारं उपकरण. त्यापासून वाचायला काहीजण 'ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होणं) बंद करा, चांगला अँटिव्हायरस टाका' असं सुचवतात. व्हायरससाठी ठीक, पण यूएसबी किलरमध्ये व्हायरस नसतोच. आत असतात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग. पोर्टमधून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर ते चार्ज होतात आणि साधारण २०० व्होल्टचा उलटा झटका डेटाच्या तारांवर सोडतात, तोही सेकंदात अनेकदा. विंडोजमधून पोर्ट बंद केला तरी बहुतेक मशीनवर तिथला ५ व्होल्टचा पुरवठा चालूच राहतो, आणि याला तेवढंच हवं असतं. पोर्टजवळचे संरक्षक डायोड स्थिर विजेच्या क्षणिक ठिणगीसाठी असतात, असा सततचा मारा सगळ्यांना झेपत नाही.

हे फक्त कागदावरचं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत कॉलेज ऑफ सेंट रोझच्या एका माजी विद्यार्थ्याने (भारतीयच, दुर्दैवाने) ६६ कॉम्प्युटर असे जाळले. पठ्ठ्याने स्वतःच व्हिडिओ काढला! १२ महिने कैद आणि ५८,४७१ डॉलरची भरपाई.

डेटा ब्लॉकर (डेटाच्या तारा तोडून फक्त वीज जाऊ देणारा अडॅप्टर) फोन चार्जिंगला उत्तम. पण डेटाच्या ताराच तोडल्यावर पेनड्राइव्ह वाचणार कसा? पेनड्राइव्ह आणि कॉम्प्युटरच्या मधे स्वस्त हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) लावला, तरी झटका हबवरच थांबेल याची खात्री नाही. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (दोन बाजूंत थेट विजेची जोडणी न ठेवता डेटा पुढे देणारं उपकरण) चालतो, पण महाग आणि बरेचसे संथ. लॅब किंवा सायबर कॅफेत मी तरी सीपीयू कुलुपात ठेवून मोकळ्या पोर्टांना लॉक लावेन. अनोळखी पेनड्राइव्ह तपासायचाच असेल तर एखादं भंगारात जाणारं मशीन वापरा.