सरगोधा, ७ सप्टेंबर १९६५ : देवय्यांच्या लढतीचा पुरावा किती भक्कम?

इतिहासवेडा
भारत-पाक युद्धात ७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे आदमपूरहून निघालेल्या भारतीय हवाई दलाच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या मिस्टेअर या लढाऊ विमानांनी पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर हल्ला केला. राखीव वैमानिक असूनही स्क्वाड्रन लीडर देवय्या त्यात सामील झाले आणि परतले नाहीत. पाकिस्तानी वैमानिक अमजद हुसेन यांचे एफ-१०४ स्टारफायटर हे लढाऊ विमान त्यांनीच पाडले, असे मानून १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. मात्र पाकिस्तानी बाजूचे एक कथन असे आहे, की स्फोट झालेल्या मिस्टेअरचे तुकडे लागून स्टारफायटर कोसळले. आपल्या बाजूने जी लढत कोणीच पाहिली नाही, तिची मांडणी कशाच्या आधारावर करावी?

नोंदवही
येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. स्टारफायटरशी झुंजले कोण, हा पहिला. आणि त्याचे उत्तर पडताळता येते, कारण पहाटेच्या त्या हल्ल्यातून न परतलेले मिस्टेअर एकच होते. स्टारफायटर पडले कसे, हा दुसरा, आणि खरा वाद त्याचाच आहे. शत्रूचे विमान पाडल्याचा दावा आणि आपले विमान गमावल्याची कबुली यांना एकाच तागडीत तोलू नये, असे माझे मत आहे. पाकिस्तानी वैमानिक आलम यांनी त्याच दिवशी मिनिटाच्या आत भारताची पाच हंटर विमाने पाडल्याचे सांगितले गेले. भारतीय हानीच्या नोंदींशी तो आकडा जुळत नाही. स्टारफायटर गमावल्याचे मात्र पाकिस्तानने स्वतःच मान्य केले आहे.

इतिहासवेडा
त्याच दिवशी नंतरच्या हल्ल्यातही आपले एक मिस्टेअर पडले होते. मग ओळखीत घोटाळा होऊ शकत नाही का?

नोंदवही
नाही. अमजद यांचे विमान पहाटेच्या हल्ल्याच्या वेळीच पडले.

आकाशवेध
दुसऱ्या प्रश्नाबाबत विमानांचे गुणधर्म बोलके आहेत. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे स्टारफायटर सरळ झेपेत अजिंक्य. पण कमी वेगात, जमिनीलगत गिरक्या घेऊ लागले की त्याचे आखूड पंख आड येत, आणि मिस्टेअरच्या ३० मिलिमीटरच्या दोन तोफांसमोर येण्याची वेळ येई. पाकिस्तानी हवाई दलाच्या साहाय्याने लिहिलेल्या व १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी पुस्तकात नेमके हेच वर्णन आहे : पडले असे समजलेले मिस्टेअर उडतच राहिले, उलट भिडले आणि त्याच्या माऱ्याने स्टारफायटर निकामी झाले. आपल्याकडे देवय्यांच्या सन्मानाच्या हालचाली झाल्या त्या त्यानंतरच. ज्याला स्वतःची बाजू उजळ दाखवायची असते, तो असा तपशील उगाच रचत नाही. म्हणून तुकड्यांच्या कथनापेक्षा मला हे ग्राह्य वाटते. स्टारफायटरच्या अवशेषांवर तोफगोळ्यांच्या खुणा पाहिल्याची तत्कालीन नोंद कोणाच्या पाहण्यात असल्यास येथे जरूर द्यावी.