पुस्तक न वाचता लेखकाची रेडिओ मुलाखत घ्यावी का?

कानसेन

गेल्या गुरुवारी सकाळी आमच्या भागातल्या केंद्रावर एका कादंबरीकार बाईंची मुलाखत लागली, नुकत्याच आलेल्या कादंबरीबद्दल. ती कादंबरी मी महिन्यापूर्वीच वाचली होती, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून खुर्ची ओढून बसलो. धरणाखाली गेलेल्या गावाची गोष्ट आहे. त्यात एक म्हातारी रोज संध्याकाळी घाटावर जाऊन पाण्याबाहेर उरलेल्या पायऱ्या मोजते. एकवीस, मग एकोणीस, मग चौदा. पुस्तक मिटल्यावरही ते आकडे माझ्या डोक्यातून गेले नव्हते.

मुलाखत पंचवीस मिनिटांची. लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली, घरच्यांचा पाठिंबा कसा होता, आवडते लेखक कोण, नवोदितांना काय सांगाल, असे प्रश्न. मधेच बाई आपणहून म्हणाल्या, "पायऱ्यांचं प्रकरण मी चार वेळा लिहिलं, कारण आमच्या आजीनं खरंच..." आणि निवेदक म्हणाला, "वा, छान. आता आपण एक गीत ऐकू या." गीत झालं आणि पुढचा प्रश्न आला तो पुरस्कारांचा. आजीनं काय केलं होतं ते राहूनच गेलं. आठवडा झाला, माझ्या मनातून ते अर्धं वाक्य जात नाही.

गाणं लावायला माझा विरोध नाही. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर स्टड्स टर्केल १९५२ ते १९९७ अशी ४५ वर्षं लोकांशी बोलत होते आणि त्यातल्या पुष्कळ मुलाखती आज इंटरनेटवर ऐकता येतात. १९६१ साली जेम्स बाल्डविन हे कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक नवा निबंधसंग्रह घेऊन त्यांच्याकडे आले. टर्केलनी सुरुवातीलाच बेसी स्मिथ या गायिकेचं एक ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांपैकी एक, लावलं, पुरात घर गेलेल्या बाईचं. संग्रहातल्या एका निबंधात बाल्डविननी लिहिलं होतं की स्वित्झर्लंडच्या डोंगरात लिहायला बसलो तेव्हा सोबत एक टाइपरायटर आणि बेसी स्मिथच्या दोन रेकॉर्ड होत्या. गाणं संपल्यावर टर्केलनी विचारलं ते एवढंच, की हे ऐकताना तुमच्या मनात काय येतं. पहिल्या प्रश्नातच बाल्डविन थेट आपल्या लिखाणाच्या गाभ्याशी जाऊन बोलायला लागतात. ते गाणं पुस्तकातून आलं होतं. आमच्याकडचं गाणं पुस्तकाच्या आड आलं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही त्यानं त्या पुस्तकाबद्दल लेखकाशी बोलायला माइकसमोर बसू नये.

रोखठोक

असहमत. तुमची चुटपुट समजते, पण तुम्ही ते पुस्तक वाचलेलं होतं. त्या सकाळी ऐकणाऱ्या शंभरातल्या किती जणांनी वाचलं असेल? मराठी कादंबरीची आवृत्ती हजार प्रतींची निघाली तरी प्रकाशक खूश असतो. रेडिओ ऐकणारा माणूस रिक्षात, शेतावर, पोळ्या लाटताना ऐकतोय. त्याला पायऱ्यांच्या प्रकरणातलं काय कळणार?

तुम्ही अमेरिकेतलं उदाहरण दिलंत, मीही तिथलंच देतो. लॅरी किंग यांचा म्युच्युअल रेडिओवरचा रात्रीचा देशव्यापी कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. ते उघड सांगत की मी पाहुण्याचं पुस्तक आधी वाचत नाही. ते आळसापोटी नव्हे. त्यांचं म्हणणं, श्रोत्याला पुस्तक माहीत नाही, मलाही नाही, म्हणजे त्याला जे विचारावंसं वाटेल तेच माझ्या तोंडून येईल. वाचलेला माणूस नकळत वाचलेल्यांशी बोलायला लागतो आणि बाकीचे बाहेर राहतात. साहित्य संमेलनातल्या परिसंवादात हे मी कितीदा पाहिलंय. व्यासपीठावरची चौघं एकमेकांना समजून माना डोलावतात आणि मागच्या रांगेतले लोक चहाला उठतात.

तुमच्या निवेदकाची चूक पुस्तक न वाचण्याची नव्हतीच. ती कान बंद ठेवण्याची होती. बाई "आजीनं खरंच" म्हणाल्यावर न वाचलेला पण ऐकणारा माणूस लगेच म्हणाला असता, "काय केलं आजीनं?"

लाल दिवा

मी एका छोट्या केंद्रावर नैमित्तिक निवेदक म्हणून काम करते, म्हणून माझ्या बाजूनं लिहिते. केंद्राचं नाव लिहिणार नाही.

माझी ड्यूटी आदल्या संध्याकाळी ठरते. कोणाची मुलाखत आहे ते कधी तेव्हा कळतं, कधी सकाळी केंद्रावर पोचल्यावर. पुस्तक लेखक स्वतः पिशवीतून घेऊन येतात. सही करून देतात, फोटो होतो, आणि दहा मिनिटांत स्टुडिओवरचा लाल दिवा लागतो. त्या दहा मिनिटांत मी मलपृष्ठ, अर्पणपत्रिका आणि मनोगत वाचते. मनोगतात प्रेरणा लिहिलेली असते, म्हणून पहिला प्रश्न प्रेरणेचा. अर्पणपत्रिकेत घरच्यांची नावं असतात, म्हणून दुसरा प्रश्न घरच्यांचा. कानसेन, तुम्ही वर दिलेले प्रश्न वाचताना मला माझेच कागद दिसले आणि मान खाली गेली.

मानधन मिळतं ते एका ड्यूटीचं. तीनशे पानं वाचायला लागणाऱ्या चार रात्री त्यात कुठेच धरलेल्या नाहीत. मी नाही म्हटलं तर ती ड्यूटी दुसऱ्याला जाते आणि त्यालाही पुस्तक त्याच दहा मिनिटांत मिळतं.

आणि गाणं का लावतात तेही सांगते. पुढचा प्रश्न सुचेनासा झाला की काचेपलीकडे बसलेल्याला खूण करायची आणि गाणं घ्यायचं. त्या तीन मिनिटांत पान उलटून काहीतरी शोधायचं. तुमच्या निवेदकाला "आजीनं" हा शब्द ऐकूच आला नसणार. तो मनात पुढचा प्रश्न जुळवत असणार. हे मी केलेलं आहे म्हणून सांगते.

कानसेन

लाल दिवा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. माझा रोख निवेदकावर होता, तो तिथून हलवतो. पुस्तक आठ दिवस आधी न देणाऱ्या व्यवस्थेवर तो असायला हवा.

पण रोखठोक, तुमच्याच मुद्द्याचं उत्तर त्यांच्या शेवटच्या ओळींत आहे. तुम्ही म्हणता कान उघडे हवेत. कान उघडे राहतात ते पुढच्या प्रश्नाची धास्ती नसते तेव्हा, आणि ती धास्ती वाचल्यानं जाते. लॅरी किंगना ती नव्हती, कारण रात्रीमागून रात्र तेच काम करून त्यांचा हात बसलेला होता. शिवाय त्यांच्यासमोर नट, खेळाडू, राजकारणीही असत. त्यांच्या पुस्तकाचा विषय म्हणजे ते स्वतः, त्यांच्याशी गप्पा मारल्या की पुस्तकाबद्दलच बोलणं होतं. कादंबरीचं तसं नाही. "तुमच्या कादंबरीत काय आहे?" या प्रश्नाला बहुतेक चांगले कादंबरीकार अडखळतात. दोन वाक्यांत सांगता आलं असतं तर त्यांनी तीनशे पानं कशाला लिहिली असती?

हिवाळी पहाट

मी गेली बरीच वर्षं टोरांटोत आहे. इथे सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओवर एलिनॉर वॉक्टेल यांचा लेखकांशी गप्पांचा कार्यक्रम १९९० ते २०२३ चालू होता. रविवारी दुपारी बाजारहाट करून परतताना गाडीत लागायचा आणि कितीदा तरी घरासमोर गाडी उभी करून, किराणा मागे तसाच ठेवून मी शेवटपर्यंत ऐकलाय. वॉक्टेल लेखकाचं नवं पुस्तक तर वाचतच, आधीचीही वाचून येत. आणि तरी एकदाही मला परकं वाटलं नाही. मी त्यातल्या बहुतेक लेखकांची नावंही आधी ऐकलेली नसायची. त्या हळू आवाजात एखादी छोटी गोष्ट विचारत, बहुधा लहानपणाची, आणि लेखक बोलता बोलता थांबायचा. ती शांतता कापलेली नसायची.

सोमवारी ग्रंथालयात जाऊन मी त्या पुस्तकासाठी नाव नोंदवायचे. रोखठोक, न वाचलेल्यांना आत घेण्याचा हाही एक रस्ता आहे.

रोखठोक

त्या कार्यक्रमामागे सीबीसीसारखी संस्था होती, निर्माते होते, तासाभराचा वेळ होता. आपल्याकडे लाल दिवा यांना दहा मिनिटं मिळतात. जे नाही त्याची अट घातली तर मुलाखतीच बंद होतील. छोट्या गावातला कवी आयुष्यात एकदा रेडिओवर येतो. निवेदकाला संग्रह वाचायला वेळ मिळाला नाही म्हणून त्याला बोलवायचंच नाही का? माझ्या मते वाईट मुलाखतही त्याच्यासाठी काही नसण्यापेक्षा बरी. त्याच्या गावात त्या दिवशी चार घरांत रेडिओ लावला जातो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तळटीप

माझे दोन कथासंग्रह आलेत, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं बोलते.

माझी सर्वांत वाईट मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी पुस्तक दोनदा वाचलं होतं. प्रत्येक पानावर खुणा होत्या. ते दीड मिनिट बोलायचे, कथेचा शेवटही सांगून टाकायचे आणि मग "बरोबर ना?" म्हणायचे. मी "हो" म्हणायचे. वीस मिनिटांत माझ्या वाट्याला असे सात-आठ "हो" आले. त्यांचं प्रेम खरं होतं आणि मी ते विसरणार नाही, पण श्रोत्यांना त्या दिवशी मी भेटलेच नाही.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी निवेदिकेनं काही वाचलेलं नव्हतं. तिनं तसं आधीच सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही एक पान वाचून दाखवाल?" मी एका कथेतलं दीड पान वाचलं. जुन्या जाणत्यानं शिकवल्याप्रमाणे पानं टाचणी काढून सुटी ठेवली होती, आवाज येऊ नये म्हणून वाचून झालेलं पान उलटं न करता बाजूला सरकवत होते. वाचून झाल्यावर काचेपलीकडच्या तंत्रज्ञानं बटण दाबून स्टुडिओत विचारलं, "मॅडम, ती मुलगी माहेरी पोचली का?" निवेदिकेनं तोच प्रश्न पुढे मला विचारला आणि आम्ही पुढची पंधरा मिनिटं त्या मुलीबद्दल बोललो. माझ्या लेखनाबद्दल मी इतकं मोकळेपणानं त्याआधी कुठे बोलले नव्हते.

म्हणून मला कानसेन यांची अट अर्धीच पटते. वाचलेलं असावं, पण वाचलंय हे ऐकू येऊ नये.

जुना श्रोता

या धाग्यावर एक गोष्ट कोणीच काढली नाही. आपल्याकडे एक काळ असा होता की माइकच्या अलीकडे बसणारा स्वतःच लेखक असायचा. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम बघायचे, मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर होते, पु. ल. आकाशवाणीत होते. १९५५ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं त्यामागे सीताकांत लाड यांच्यासारखा कार्यक्रम अधिकारी होता. पुस्तक वाचायचं काम अशा माणसांना वेगळं सांगावं लागत नव्हतं. नव्या कवितासंग्रहाची चर्चा त्यांच्या घरीदारी चालूच असायची.

रोखठोक

तो काळ मोठा होता, मान्य. पण तेव्हाच्या साहित्यिक कार्यक्रमांत भाषणं जास्त असायची आणि भाषणाची संहिता आधी लिहून द्यावी लागायची. मोकळ्या गप्पांचा तो सुवर्णकाळ होता असं मला वाटत नाही. आज पॉडकास्टवर लोक लेखकाशी दोन-दोन तास बोलतात. ज्याला खोलात जायचंय त्यानं ते ऐकावं. रेडिओनं ओळख करून द्यावी, तेवढं पुरे.

ऐकणारा

मला दिसत नाही. आजवर फक्त वाचत होतो, म्हणजे फोन वाचून दाखवतो ते ऐकत होतो, पण "ओळख करून द्यावी, तेवढं पुरे" यावर लिहावंसं वाटलं.

नवं मराठी पुस्तक माझ्यापर्यंत येतं ते कोणी वाचून दाखवलं किंवा ध्वनिमुद्रित केलं तर. बहुतेक पुस्तकं येतच नाहीत. त्यामुळे पुष्कळदा लेखकाची मुलाखत हीच माझ्यासाठी त्या पुस्तकाची एकमेव भेट असते. तुम्हाला ओळख पुरते, कारण पुढे दुकान आहे. माझ्यापुढे नाही.

कानसेन, तुमच्या म्हातारीच्या पायऱ्या मला आज या धाग्यातून कळल्या. एकवीस, एकोणीस, चौदा. तेवढ्यावरून मला पाण्याचा वास आला. त्या मुलाखतीत मला प्रेरणा, पाठिंबा आणि पुरस्कार मिळाले असते. आजी मिळाली नसती.

तळटीप ताईंचं खरं आहे, वाचून दाखवा. लेखकाच्या स्वतःच्या आवाजात दीड पान ऐकलं की वाक्य कुठे श्वास घेतं ते कळतं आणि मग उरलेलं पुस्तक कसं असेल याचा अंदाज बांधता येतो. पण कोणतं दीड पान, हे निवडायला कोणीतरी पुस्तक वाचलेलं लागेल ना? लेखक बिचारा संकोचानं पहिलंच पान वाचतो.

रोखठोक

ऐकणारा, माझं ते वाक्य मी मागे घेतो. पॉडकास्ट आहेत म्हणून रेडिओनं वरवरचं करावं, हे चुकीचं होतं.

छोट्या कवीला बोलवायचं की नाही, यावर मात्र मी ठाम आहे. वाचायला वेळ नसेल तरी बोलवा. माइक चालू करून एक कविता म्हणायला सांगा आणि लक्ष देऊन ऐका.

लाल दिवा

परवा बुधवारी माझ्याकडे एका कवयित्रीचं ध्वनिमुद्रण आहे. या वेळी कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारून तिचा नंबर घेतला आणि संग्रह मागवला. पुस्तक मिळायला वेळ लागणार होता म्हणून तिनं पानांचे फोटो काढून पाठवले. बहात्तर पानं आहेत, दोन रात्रींत झाली.

एका कवितेत जातं आहे. आई गेल्यावर घरातलं जातं अंगणात उलटं ठेवलंय आणि त्यावर मुलं बसतात. त्यापुढे एकच ओळ येते आणि कविता संपते. ती ओळ मी इथे लिहीत नाही, तिच्या तोंडून ऐका.

आमच्या केंद्राच्या ध्वनिसंग्रहात जात्यावरच्या ओव्यांचं जुनं मुद्रण आहे, बायकांनी खरोखर दळताना म्हटलेल्या, दगडाची घरघर मागे ऐकू येते. उद्या लवकर जाऊन ते शोधणार आहे. मिळालं तर सुरुवातीला लावीन आणि गप्प बसेन.

ऐकणारा

प्रसारण कधी आहे? मोबाइलवरच्या अ‍ॅपवर तुमचं केंद्र लागतं का?

लाल दिवा

शनिवारी सकाळी साडेआठला. लागतं. केंद्राचं नाव तुम्हाला निरोपातून कळवते.