दोनदा औषध देऊनही कुत्र्याचे जंत जात नाहीत, मदत हवी आहे

रानवाट: कृपया लवकर सांगा. बंड्याला जंताचं औषध दिलं, १५ दिवसांनी परत दिलं. तरी आज सकाळी शेपटीखालच्या केसांत पांढरे दाणे चिकटलेले होते, त्याच्या गादीवरही दोन सापडले. घरात रांगतं बाळ आहे. सासूबाई म्हणतात, कुत्र्याला गावी पाठवून द्या. सगळ्यात जालीम औषध कोणतं?

खारुताई: वय? वजन? कोणतं औषध, किती दिलं? आणि जंत दाण्यांसारखे की शेवयांसारखे लांब?

वाडीकर: वावडिंगाचा काढा द्या, जोडीला रोज लसणाच्या दोन पाकळ्या भाकरीत कुस्करून. आमच्या वाडीतल्या कुत्र्यांना आजी हेच द्यायची. डॉक्टरकडे जावंच लागलं नाही.

खारुताई: लसूण अजिबात नको! कांदा-लसणाने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

वाडीकर: आमचा काळू १३ वर्षं जगला, ताई.

खारुताई: जगला असेल दादा, पण त्याच्या पोटातले जंत गेले का, ते कोणी पाहिलं होतं?

मेघमल्हार: रेबीजची लस झाली आहे ना? बाळ आहे घरात, ती दर वर्षी चुकवू नका.

रानवाट: लस झाली आहे, प्रश्न जंतांचा आहे. दाणे तांदळाच्या कणीएवढे, वाळले की तिळासारखे दिसतात. लॅब्रेडॉर आहे, दीड वर्षाचा. वजन केलेलं नाही. पिल्लू असताना डॉक्टरांनी लिहून दिलेलं तेच औषध परत आणलं, पायरँटेल आणि फेबँटेलचं. ५ मिली दिलं.

खारुताई: मग इथेच अडलंय. पिल्लांचं ते औषध किलोला १ मिली असतं, म्हणजे तुम्ही ५ किलोच्या कुत्र्याचा डोस दिलात. शिवाय ते गोल जंत आणि हुकवर्मसाठी. तुमचे दाणे म्हणजे पट्टकृमीचे तुटलेले तुकडे आहेत. त्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी लागते, साधारण १० किलोला एक. त्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा. तो आकडा डॉक्टरांना सांगूनच गोळी आणा.

आणि पिसवा आहेत का ते बघा. हा जंत पिसवांतून येतो. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि तीनेक आठवड्यांत दाणे परत दिसायला लागतात. पिसवा राहिल्या तर कितीही गोळ्या द्या, उपयोग नाही.

सह्यकडा: आम्ही दर महिन्याला गोळी देतो, कटकट नाही.

खारुताई: सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला महिन्याला ठीक. मोठ्याला सहसा तीन महिन्यांनी पुरते.

सह्यकडा: आमचा शेतावर मोकळा फिरतो, उंदीरही खातो. फ्लॅटमधल्या कुत्र्याचा हिशेब त्याला कसा लागेल?

खारुताई: हे मात्र बरोबर, तुमच्यासाठी महिनाच योग्य. रानवाट, बाळाचं घाबरू नका. पट्टकृमी व्हायला बाळानेही पिसूच गिळावी लागते. जास्त जपायचं ते गोल जंतांपासून. त्यांची अंडी शीतून पडतात, पण लागण करण्याजोगी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून शी त्याच दिवशी उचला. तेवढ्यासाठी बंड्याला गावी पाठवू नका हो.

रानवाट: वजन २८ किलो भरलं. डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या. बारीक फणीने विंचरलं तर काळी कणी पडली, मला माती वाटली. ओल्या कापसावर ठेवली तर भोवती तांबूस डाग पसरला. पिसवांचीच घाण निघाली. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढलं. आता बंड्यासाठी आणलेलं पिसवांचं औषध मांजरालाही लावू ना? मांजर आहे हे सांगायचं राहिलं, ती त्याच्याच गादीवर झोपते.

खारुताई: थांबा! डबीवर परमेथ्रिन लिहिलंय का बघा. असेल तर मांजराला लावायचं नाही, जिवावर बेततं. बंड्याला लावलं असेल तर वाळेपर्यंत तिला त्याच्याजवळही जाऊ देऊ नका. तिच्यासाठी मांजराचंच वेगळं औषध आणा, पण आजच आणा. तिच्या अंगावर पिसवा राहिल्या तर बंड्याला परत होणार.