लिनक्स येणार, येणार... पण टॅलीचं काय?

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपला म्हणून आता लोक आपोआप लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) येणार, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. इथे इंदूरला कुठल्याही दुकानदाराला जुना लॅपटॉप दाखवा, तो आधी विचारेल टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) चालवायचंय का, आणि टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे लावून खटपट करायची तर मार्चएंडला सीएच्या ऑफिसात ती करणार कोण? दुसरं म्हणजे कृतिदेव, हिंदी टायपिंगचा जुना फाँट. आमच्या एमपीत हिंदी टायपिंगवाल्यांचा अर्धा जन्म त्यातच गेलाय, ते युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) नाहीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेत, त्यामुळे फाँट नसला की लिबरऑफिसमधे (एमएस ऑफिसच्या जागी वापरायचं फुकट सॉफ्टवेअर) अर्जाच्या जागी नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. दोष लिबरऑफिसचा नाही, पण शिव्या त्यालाच. लिनक्ससाठी जर्मनीतल्या म्युनिक शहराचं उदाहरण देणाऱ्यांनी पुढचंही सांगावं, तिथल्या पालिकेने २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास मशिनी लिनक्सवर नेल्या आणि २०१७ मधे परत विंडोजवर जायचं ठरवलं (राजकारण होतंच त्यात, मान्य). सर्व्हरवर लिनक्सच, त्यात वादच नाही. आणि ते एआय सगळं सोपं करेल वगैरे राहू द्या, आधी प्रिंटर चालू द्या भिया.