ऑर्डर बायमध्ये कॉलमचं नाव बाइंड होत नाही, मग काय करायचं?

सावंतवाडीकर:
गावच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो, पीएचपी भाषेतलं, डेटाबेस मायएसक्यूएल. सोमवारी काउंटरवर एका डिसोझा बाईंचं खातं शोधताना सिंटॅक्स एरर आली. इंग्रजीत त्यांच्या आडनावात 'डी'पुढे अपॉस्ट्रॉफी येते, तिथेच क्वेरीतली (डेटाबेसला पाठवायच्या आज्ञेतली) स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर, बंद होत होती. म्हणजे त्या चौकटीतून कुणीही माझी क्वेरी पुढे लिहू शकलं असतं! सभासदांचे पत्ते, फोन नंबर, सगळं आहे त्यात. मला रात्रभर झोप लागली नाही. सगळ्या क्वेऱ्या पीएचपीतल्या पीडीओच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर आणल्या, म्हणजे क्वेरीत नुसतं प्रश्नचिन्ह, आणि टाइप केलेला मजकूर वेगळा पाठवायचा (बाइंड करायचा). एकच अडलंय: यादी नावानुसार लावायची की वर्गणीनुसार, हे ड्रॉपडाउनमधून येतं. क्रम ठरवणाऱ्या ऑर्डर बायपुढे प्रश्नचिन्ह ठेवून कॉलमचं नाव बाइंड केलं. एरर नाही, पण क्रमही लागत नाही.

जुना_डीबीए:
बाइंड केलेलं ते डेटाबेस फक्त व्हॅल्यू म्हणून घेतो. तुमचा कॉलम तिथे पोचलाच नाही, त्याच्या नावाचा नुसता शब्द पोचला. प्रत्येक ओळीला तोच शब्द, मग क्रम कशावर लागणार? कॉलम, टेबल, चढता-उतरता क्रम हा क्वेरीचा सांगाडा, तो बाइंड होत नाही. पीएचपीत एक अ‍ॅरे करा: ड्रॉपडाउनमधून १ आला तर नावाचा कॉलम, २ आला तर वर्गणीचा, बाकी काहीही आलं तर प्रवेशाची तारीख. फॉर्ममधलं एक अक्षरही क्वेरीत जाता कामा नये.

मेघना_पी:
मी तिथे रिअल एस्केप स्ट्रिंग (अपॉस्ट्रॉफीसारख्या चिन्हांपुढे बॅकस्लॅश लावणारं फंक्शन) लावते. चालतं की.

जुना_डीबीए:
नका हो लावू. ते अवतरणचिन्हांच्या आतल्या मजकुरासाठी आहे, आणि ऑर्डर बायपुढे अवतरणचिन्ह नसतंच. एकही अपॉस्ट्रॉफी न वापरता तिथे सबक्वेरी (क्वेरीच्या आत दुसरी क्वेरी) घालता येते, आणि यादीचा क्रम कसा बदलतो ते बघून दुसऱ्या टेबलातला मजकूर अक्षर-अक्षर काढता येतो.
सावंतवाडीकर, जुन्या फायलीही उघडून बघा. २०१५ मध्ये अशाच घुसखोरीत ब्रिटनच्या टॉकटॉक या फोन-इंटरनेट कंपनीतून १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली, ती विकत घेतलेल्या कंपनीबरोबर आलेल्या जुन्या वेबपानांतून. ४ लाख पौंड दंड झाला. आणि टेबलातून वाचलेलं नाव पुढच्या क्वेरीत जोडत असाल, तर तेही बाइंड करा. आपल्याच टेबलातलं असलं तरी मुळात ते कुणीतरी टाइप केलेलंच असतं.

सावंतवाडीकर:
अ‍ॅरे केला, क्रम लागला. पावतीच्या फाइलीत सभासदाचं नाव टेबलातून घेऊन डॉट लावून (पीएचपीत मजकूर जोडायचं चिन्ह) थेट क्वेरीत जोडलेलं सापडलं, २०१४ ची माझीच फाइल. आत्ता तीच दुरुस्त करतोय.