रॅलेचा तीन गिअरचा हब जोडला, पण पहिला गिअर गायब

मुक्ता (सातारा)
आजोबांची रॅले सायकल आहे. मागच्या हबवर (चाकाच्या मधला डबा, गिअर त्याच्या आतच असतात) 'स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू' आणि ५१ असा ठसा आहे, म्हणजे हब १९५१चा. माळ्यावर पडून पडून जाम झाला होता, म्हणून मीच खोलला. रॉकेलमध्ये धुतला, सगळीकडे सढळ हाताने ग्रीस भरलं आणि फोटो बघत बघत परत जोडला. एकही तुकडा उरला नाही (हे मुद्दाम सांगतेय). लोण्यासारखा फिरतोय, आवाज म्हणून नाही. दुसरा-तिसरा गिअर झकास. पण पहिल्यात टाकला की पायडल नुसतं गरगरतं, चाक ढिम्म. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढायला तोच तर हवा! शिवाय चाकाला आउट आलाय, म्हणजे ते डुलतंय, ब्रेकचं रबर एका बाजूला घासतं. मी एकाही स्पोकला हात लावलेला नाही, देवाशप्पथ.

रविवारचा मेकॅनिक
केबल ताण. पहिल्या गिअरला हबमधून निघणारी छोटी साखळी पूर्ण ओढली जात नसेल.

मुक्ता
ताणून झाली, दादा. दुसऱ्या गिअरवर ठेवून नटाच्या खिडकीतून पाहिलं, त्या साखळीच्या दांडीचं टोक ॲक्सलच्या टोकाला बरोबर लागतंय.

आउटकाढे
मग केबलचा नाद सोड. मुक्ताताई, 'आवाज म्हणून नाही' हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, हे हब मी चड्डीत असल्यापासून उघडतोय. एडब्ल्यूने दुसऱ्या-तिसऱ्यात पायडल मारताना टिकटिक केलीच पाहिजे. गप्प बसायचं ते फक्त पहिल्यात.

का ते सांगतो. आत कुत्र्यांच्या दोन जोड्या असतात (स्प्रिंगने उठून खाच्यात अडकणारे छोटे तुकडे, फ्रीव्हीलमध्ये असतात तशीच कुत्री). एक जोडी ६० दात्यांच्या मोठ्या रिंगवर, दुसरी चार छोट्या चक्रांच्या पिंजऱ्यावर. दुसऱ्या-तिसऱ्यात रिंगची कुत्री चाक ओढतात, पिंजरा मागे पडतो आणि त्याची कुत्री खाच्यांवरून टिकटिक करत घसरतात. पहिल्यात क्लच (केबलने आत सरकणारा तुकडा) रिंगची कुत्री दाबून धरतो आणि सगळा भार पिंजऱ्याच्या कुत्र्यांवर येतो. रिंग चार वेढे फिरते तेव्हा पिंजरा तीन फिरतो, म्हणून चढ सोपा जातो. तुझी पिंजऱ्याची कुत्री ग्रीसमध्ये रुतून बसलीत. त्यांची स्प्रिंग केसाएवढी, ती ग्रीसला काय रेटणार! म्हणून टिकटिकही नाही आणि पहिला गिअरही नाही.

ग्रीस फक्त छर्ऱ्यांना. बाकी सगळीकडे पातळ तेल.

आता आउट. उजवीकडची ती हबच्या तोंडावरची खाचांची रिंग (आतली दात्यांची नव्हे), छिन्नी-हातोडीने उलटी फिरवून काढलीस ना? तिला आटे दुहेरी आहेत. म्हणजे ती दोन ठिकाणांहून सुरू होऊन बसते, आणि दोन्हीकडे बसण्यात केसभर फरक पडतो. कारखान्यात चाक बांधलं ते एका बैठकीवर, तू बसवलीस दुसरीवर. खोलण्याआधी रिंग आणि हब दोन्हींवर एक रेघ मारून ठेवायची असते.

मुक्ता
फोटोत रेघ नाहीये. 😭 आता?

आउटकाढे
रडायचं काय त्यात, दोनच तर पर्याय आहेत. रिंग काढ, अर्धा वेढा फिरवून दुसऱ्या आट्यावर धर आणि बसव. स्पोकचा पाना अजिबात हातात घेऊ नकोस, नाहीतर चांगलं चाक बिघडवशील. रिंग निघालेलीच असेल तेव्हा आतला गड्डा उजवीकडून बाहेर काढ, कुत्री रॉकेलने धू. नखाने दाबून सोडलं की प्रत्येक कुत्रं टक् करून उठलं पाहिजे. एक जरी आळसावलं तरी जोडू नकोस. उजवा कोन (छर्ऱ्यांवर बसणारा शंकूसारखा नट) हाताने घट्ट कर, मग अर्धा वेढा सैल करून लॉक कर. बाकीची खुळखुळ डाव्या कोनावर काढ. शेवटी हबवरच्या झाकणातून चमचाभर तेल.

चिंचेचं झाड
आमच्याकडे खोबरेल घालायचे.

आउटकाढे
आणि थंडीत सकाळी सायकल चालत नाही म्हणून आमच्या दुकानात यायचे. शिलाई मशीनचं तेल घाल, पातळ आहे, गळलं तर परत घाल.

मुक्ता
काका, काल रात्री बसले. चारपैकी पिंजऱ्यावरची दोन्ही कुत्री खरंच झोपली होती, पिनेने उचलावी लागली. रिंग दुसऱ्या आट्यावर बसवली आणि ब्रेक घासायचा थांबला! सकाळी राजवाड्यापर्यंत पहिल्यात न उतरता गेले. येताना तिसऱ्यात टिकटिक ऐकून आई म्हणाली, अगं ही बिघडली का? एक मात्र झालं, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एकदा पाय एकदम रिकामा गेला आणि मी दांडीवर आपटले.

आउटकाढे
ती मधली रिकामी जागा या हबला जन्मापासूनची आहे, तुझी चूक नाही. गिअर टाकताना पाय क्षणभर थांबव. आणि केबल तेवढी आठ दिवसांनी पुन्हा बघ, नवी असेल तर सैलावते.