नववीच्या वर्गात छळछावण्यांचे फोटो दाखवावेत का?

खडूफळा
नववीला नाझीवादाचा धडा शिकवते. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "पण मॅडम, हिटलर शिस्तीचा होता ना?" त्याचं आत्मचरित्र घरोघरच्या कपाटात असतं, मग दुसरं काय होणार! तरीही बर्गन-बेल्सन या नाझी छळछावणीतल्या प्रेतांच्या ढिगांचे फोटो वर्गात दाखवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्ग पाच मिनिटं सुन्न होतो, मधल्या सुट्टीत सगळं विसरतो.

त्यापेक्षा वान्झे बैठकीचं, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या हत्याकांडाची आखणी झाली त्या बैठकीचं, इतिवृत्त वाचून घ्या. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनमध्ये तळ्याकाठच्या बंगल्यात १५ अधिकारी जेमतेम दीड तास बसले. त्यातले ८ जण डॉक्टरेट मिळवलेले. सहाव्या पानावर ज्यूंचा देशवार तक्ता आहे. अल्बानिया २००, आयर्लंड ४,०००, इंग्लंड ३,३०,०००. जर्मन सैन्य जिथे पोचलंच नव्हतं, तिथलीही माणसं मोजून ठेवलेली. बेरीज १ कोटी १० लाखांच्या वर. शिस्त म्हणजे काय, ते या पानावर दिसतं.

कोयनाकाठ
अजिबात पटलं नाही. १२ एप्रिल १९४५ ला दोस्त सैन्याचे सरसेनापती आयझेनहॉवर जर्मनीतली ओर्डरूफची छावणी मुद्दाम बघायला गेले. उद्या कुणी हा सगळा अपप्रचार आहे म्हणालं, तर डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष देता यावी म्हणून. वायमारच्या नागरिकांना बुखेनवाल्डमध्ये नेऊन सगळं बघायला लावलं. आणि तुम्ही मुलांना तक्ता देणार? त्यांना ते भूगोलाचं पान वाटेल. मोबाइलवर ती याहून भयंकर बघतात.

खडूफळा
बघतात, म्हणूनच बधिर झालीत. आणि वायमारचे लोक मोठे होते, छावणी त्यांच्या दारात होती. माझ्या वर्गातली मुलं चौदा वर्षांची आहेत. शिवाय त्या ढिगातल्या माणसाला नाव नसतं. मारणाऱ्यांनाही तेच हवं होतं.

पंचगंगा
आपल्याकडचं उदाहरण का नको? कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. मुलांना तिथे न्या.

जुनी_पानं
वळिवड्याला जरूर न्या, पण या धड्यासाठी नको. तिथले बहुतेक जण पोलिश कॅथलिक, सोव्हिएत राजवटीने सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेले. तोही अन्यायच, पण तो होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड, नव्हे. दोन्हींची सरमिसळ करू नये.

आणि कुणी मुलांच्या छातीवर, नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावले तसले, पिवळे तारे लावून 'अनुभव' देत असेल, तर ते आधी थांबवा. असली नाटकं करू नका, असं वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालयही शिक्षकांना सांगतं.

फोटोच हवेत तर ऑशविट्झ अल्बम दाखवा. १९४४ च्या मे-जूनमध्ये हंगेरीहून आणलेले ज्यू, फोटो काढणारे छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाचेच लोक. प्रेत एकही नाही. झाडांखाली आया मुलांना घेऊन बसल्यात, पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नाही. हा अल्बम लिली याकोब या मुलीला युद्ध संपताना डोरा छावणीत सापडला. त्यात तिला तिचे धाकटे भाऊ दिसले.

कोयनाकाठ
हा अल्बम मान्य. पण "पुढे काय झालं?" असं मुलं विचारणारच. तेव्हा प्रोजेक्टर बंद करणार?

खडूफळा
नाही. गॅस चेंबरपर्यंत सगळं तोंडाने सांगेन, वाचलेल्यांच्या चित्रित साक्षी ऐकवेन. शोआ फाउंडेशनकडे अशा ५० हजारांहून जास्त आहेत. ढिगांचे फोटो अकरावीनंतर.

कोयनाकाठ
अकरावीला किती जण इतिहास घेतात? बहुतेकांसाठी नववीच शेवटची संधी आहे. मी दाखवणार, पालकांना आधी कळवून.